साडेचारशे रुपयांत तीन तास आणि एक शब्द : शनिवारवाड्याच्या हेरिटेज वॉकबद्दल

आधी व्यवहाराचं सांगते. माणशी साडेचारशे रुपये, शनिवारवाड्याचं तिकीट वेगळं, शेवटी चहा-पोहे त्यांच्याकडून. रविवारी सकाळी साडेसातला लाल महालाशी जमायचं, तिथून शनिवारवाडा, मग गल्लीबोळांतून विश्रामबागवाडा. चालणं फार नाही, उभं राहणंच जास्त. आणि विषय एकच : ‘पेशवा’ हा शब्द. लढाया नाहीत, मस्तानी नाही, ‘काका मला वाचवा’ नाही. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि मी त्याचसाठी गेले.

आमचं अप्पा बळवंत चौकाजवळ शिक्क्यांचं दुकान आहे. रबरी शिक्के, पितळी शिक्के, लाखेवर उठवायचे ठसे, दारावरच्या पाट्या. मामंजींनी सुरू केलं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे छत्तीस वर्षं त्यात आहे. दिवसभर हातून हुद्देच जातात. सचिव, अध्यक्ष, मुख्याध्यापक, सरपंच, खजिनदार. पूर्वी खिळे जुळवून करत होतो, आता कॉम्प्युटरवर टाईप होतं आणि मशीन कोरतं, पण ‘हुद्दा जरा मोठ्या अक्षरांत घ्या’ हे गिऱ्हाइकाचं वाक्य बदललेलं नाही. या शब्दांचे अर्थ मी कधी शोधले नव्हते. अक्षरं सरळ आली, शाई नीट उठली, की काम झालं.

नात चौथीत आहे. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात अष्टप्रधान मंडळ आहे. एके दिवशी दुकानात बसून पाठ करता करता तिनं विचारलं, “आजी, मोरोपंत पिंगळे पेशवे होते की प्रधान होते?” मी म्हटलं, दोन्ही एकच. तर म्हणाली, “मग पेपरात पंतप्रधान लिहितात आणि तुझ्या या शिक्क्यावर प्रधानमंत्री आहे, ते पण एकच?” त्या दिवशी कुठल्या तरी योजनेचा शिक्का टेबलावर वाळत होता आणि त्यावर ‘प्रधानमंत्री’ असंच होतं. मला उत्तर देता आलं नाही. सूनबाईनं ते लक्षात ठेवलं आणि माझ्या वाढदिवसाला या फेरीचं बुकिंग करून दिलं.

आमची गाइड तिशीच्या आतली मुलगी होती. अभ्यास करून आलेली, आणि बोलताना घाई नसलेली. लाल महालाच्या भिंतीशी थंडीत सगळे कुडकुडत उभे होतो. तिनं पहिला प्रश्न केला, “पेशवा म्हणजे काय?” उत्तरं आली ती अशी : बाजीराव, ब्राह्मण राजे, पंतप्रधान. एक जण म्हणाले, पेशा म्हणजे धंदा, त्यावरून पेशवा. तिनं त्यांना हसण्यावारी नेलं नाही. शांतपणे सांगितलं, की पेशा हा फारसीतला वेगळा शब्द, त्याचा इथे संबंध नाही. इथे आहे ‘पेश’. पेश म्हणजे पुढे, समोर. पेशवा म्हणजे जो पुढे असतो तो, पुढारी, अग्रणी.

मग तिनं आमच्याच तोंडातले ‘पेश’ बाहेर काढायला लावले. हे मला फार आवडलं. पेश करणे, म्हणजे समोर मांडणे. पेशकश, म्हणजे वरच्यापुढे ठेवायचा नजराणा किंवा खंडणी. पेशगी, म्हणजे आधी दिलेली रक्कम, आमच्या दुकानात जिला आम्ही ॲडव्हान्स म्हणतो. जुन्या मोडी कागदांत ‘पेशजी’ असा शब्द येतो, त्याचा अर्थ पूर्वी, आधी. नाचणारणीचा समोरून उघडा असणारा पायघोळ अंगरखा, पेशवाज, त्यातही हाच ‘पेश’. आमच्यात इंदूरचे एक मराठी काका होते. ते म्हणाले, आमच्याकडे हिंदीत पेशवाई म्हणजे पाहुण्याला सामोरं जाणं, आणि प्रयागच्या कुंभात आखाड्यांची जी वाजतगाजत प्रवेशाची मिरवणूक निघते तिला पेशवाईच म्हणत आले आहेत. आम्हा पुणेकरांना पेशवाई म्हटलं की एक काळ आठवतो, नाहीतर थाळी आणि नथ. एकाच शब्दाचं इतकं वेगळं आयुष्य दुसऱ्या गावात चाललेलं असतं हे ऐकून मी चक्रावले.

ती आणखी लांब गेली. इराणात वरामीन शहराजवळ पिश्वा नावाचं गावच आहे. कुर्द लोकांनी १९४६ साली महाबादला स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं, त्याचे प्रमुख काझी महंमद. त्यांना त्यांचे लोक ‘पेशवा’ म्हणत. वर्षभराच्या आत ते राज्य संपलं आणि १९४७ च्या मार्चमध्ये काझी महंमदांना फाशी दिली गेली. पुण्याच्या फेरीत हे कशाला, असं एक बाई कुजबुजल्या. मला मात्र ते जागेवरचं वाटलं. शनिवारवाड्यासमोर वाढलेल्या माणसाला पेशवा म्हणजे एक घराणं वाटतं. ते घराणं भट, श्रीवर्धनचं. पेशवा हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे, आणि तो त्यांच्या कितीतरी आधीपासून दख्खनेत चालत आला होता.

बहमनी राज्यात हा हुद्दा होता. ते राज्य फुटल्यावर निजामशाहीत तो राहिला, आणि तिथला सगळ्यांत मोठा पेशवा म्हणजे मलिक अंबर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हबशी, ज्यानं मोगलांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं आणि जो १६२६ साली वारला. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मीर मोमीन अस्त्राबादी पेशवा होता. हा इराणातून आलेला विद्वान. १५९१ साली हैदराबाद वसवलं गेलं त्याच्या आखणीशी त्याचं नाव जोडलं जातं. हबशी, इराणी आणि मग आमचे देशावरचे, कोकणातले पंत. सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द. गाइडनं हे सांगितल्यावर आमच्या गटात क्षणभर कोणी काही बोललं नाही. मीही शाळेत मलिक अंबर शिकले होते, पण ‘पेशवा मलिक अंबर’ असं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. घरी येऊन दोनदा म्हणून पाहिलं.

लाल महालापासून शनिवारवाडा दोन मिनिटांवर. दिल्ली दरवाजासमोर, बाजीरावांच्या घोड्यावरच्या पुतळ्याजवळ उभे राहिलो. इथे माझी पहिली तक्रार. बुकिंग करताना पंधरा जणांचा गट सांगितला होता, मी मोजले तेव्हा चोवीस होते. गाइडजवळ स्पीकर नाही. मागून बसगाड्या, रिक्षा, समोर क्रिकेट खेळणारी पोरं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला अर्धं ऐकू येत होतं. शब्दाचा अर्थ सांगणारी फेरी असेल तर शब्द ऐकू यायला हवेत. गाइड बिचारी घसा ताणून बोलत होती, चूक तिची नव्हती. चालवणाऱ्यांनी एकतर गट लहान ठेवावा, नाहीतर तिच्या गळ्यात एक माईक द्यावा.

पण ती जे बोलली ते ऐकण्यासाठी मी कोपरं मारत पुढे गेले. विषय होता राज्याभिषेक. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा अभिषेक झाला आणि त्या सुमारास राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देण्याचं काम महाराजांनी करवून घेतलं. त्यातून राज्यव्यवहारकोश तयार झाला, जवळपास चौदाशे शब्दांचा. हुद्देही बदलले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री, सरनौबताचा सेनापती. आणि पेशव्याचा झाला मुख्य प्रधान.

माझ्यासाठी सगळी फेरी इथे वसूल झाली. गाइडनं विचारलं, “पेशवा या शब्दाला प्रधान हाच शब्द का निवडला असेल?” कोणी बोललं नाही. गटात संस्कृत शिकवलेल्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांनी हात वर केला. प्रधान म्हणजे प्र आणि धा. प्र म्हणजे पुढे, धा म्हणजे ठेवणं. पुढे ठेवलेला. गाइडचा चेहरा उजळला. पेश म्हणजे पुढे, प्र म्हणजेही पुढे. दोन शब्दांचं रक्ताचं नातं नाही, पण ज्यानं कोणी हा बदल केला त्यानं आतला अर्थ बरोबर पकडला. तीच बाई पुढे म्हणाली, पुरोहित बघा, पुरस् म्हणजे पुढे आणि हित म्हणजे ठेवलेला, तोही पुढे ठेवलेलाच. मग गट सुटलाच. पुढारी कोणीतरी ओरडलं. मी म्होरक्या सांगितलं, कारण माझं माहेर भोर तालुक्यात आहे आणि आमच्याकडे पुढे जा असं कोणी म्हणत नाही, म्होरं जा म्हणतात. चोवीस माणसं सकाळच्या उन्हात दिल्ली दरवाजासमोर ‘पुढे’ या एका कल्पनेचे शब्द गोळा करत होती. असं मी यापूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

भोरचं नाव निघालं म्हणून सांगते. भोरच्या संस्थानिकांना पंतसचिव म्हणायचे. औंधचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंतअमात्य. लहानपणी मला वाटे पंतसचिव हे एक नाव आहे. तो शिवाजी महाराजांच्या काळातला हुद्दा आहे, नंतर घराण्यात राहून गेला, हे मला परवा कळलं. त्या आठ हुद्द्यांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. मंत्री तेव्हा राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवी, आज मंत्री खातं चालवतो. सचिव कागदपत्रं बघे, आजही बघतो, फक्त आता तो मंत्र्याच्या हाताखाली आहे. सेनापती लष्करातून गेला आणि भाषणांत राहिला. आणि जे फारसी शब्द काढले ते कुठे गेले? ते दारावरच्या पाट्यांवर आले. मुजुमदार, डबीर, चिटणीस, पारसनीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस. शेवटचा ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, फारसी ‘नवीस’. या आडनावांच्या किती पाट्या मी केल्या असतील. परवा एका पारसनिसांची पाटी द्यायला गेले तेव्हा त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत आहे का, पारसनीस म्हणजे फारसी पत्रं लिहिणारा? त्यांना माहीत होतं. मला बरं वाटलं.

आता माझ्या धंद्याचं. गाइडनं सगळ्यांना एक छापील कागद वाटला होता. त्यावर बाजीरावांच्या शिक्क्याचं चित्र. मजकूर असा : श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान. हर्षनिधान म्हणजे आनंदाचा ठेवा. या शिक्क्यावर ‘पेशवा’ शब्द नाही. ज्याला आख्खा हिंदुस्थान पेशवा म्हणून ओळखत होता त्याच्या शिक्क्यावर तो शब्द नाही. राज्याभिषेकाच्या वेळी ठरलेला शब्द शिक्क्यानं पाळला. लोकांच्या जिभेनं मात्र जुनाच धरून ठेवला. पुण्यात आज पेशवे पार्क आहे, पेशवे दफ्तर आहे, मुख्य प्रधान पार्क कुठेही नाही.

आणि त्या शिक्क्यात पहिलं नाव कोणाचं? शाहू महाराजांचं. मग स्वतःचं, वडिलांच्या नावासकट, कारण बल्लाळ म्हणजे बाळाजींचा. हुद्दा सगळ्यांत शेवटी. ‘पुढे असणारा’ असा ज्याच्या हुद्द्याचा अर्थ, तो स्वतःच्या शिक्क्यात मागे उभा आहे. शिक्का करणारी म्हणून सांगते, ओळींचा क्रम हा हुद्द्याएवढाच बोलका असतो. आमच्याकडे येणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षाला आपलं नाव सोसायटीच्या नावाच्या वर हवं असतं, तेव्हा आम्ही समजावतो की आधी संस्था, मग माणूस. मामंजी हे गिऱ्हाइकाला फार प्रेमानं सांगायचे. त्यांनी हा बाजीरावांचा ठसा पाहिला असता तर दुकानात काचेखाली लावला असता.

गाइडनं यावर अजून एक गोष्ट सांगितली. पेशवा होण्यासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रं यावी लागत, शिक्केकट्यार मिळावी लागे. पुण्यात सत्ता कितीही वाढली तरी हा रिवाज चालला. नारायणरावांचा खून झाला तो १७७३ च्या ऑगस्टमध्ये, याच वाड्यात. त्यांचा मुलगा पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर जन्मला, आणि तो चाळीस दिवसांचा असताना त्याच्यासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं पुरंदरावर आली. सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं बाळ, आणि हुद्दा ‘पुढे असणारा’. त्याच्या नावाचा शिक्का ज्या कारागिरानं खोदला असेल त्याच्या मनात काय आलं असेल, हे मी उभ्या उभ्या विचार करत राहिले आणि गाइड पुढे काय बोलली ते हुकलं.

तर तो छापील कागद. बाकीच्यांनी बघून घडी घातली. मी वाचला आणि थबकले. ठशाचं चित्र उलटं छापलं होतं, आरशात दिसतं तसं. मला उलटी अक्षरं सरळ अक्षरांइतकीच सहज वाचता येतात, म्हणून पहिल्या क्षणी कळलंसुद्धा नाही, मग शेजारचा माणूस “ही मोडी असेल” म्हणाला तेव्हा उलगडा झाला. ती मोडी नव्हती. सरळ देवनागरी होती, उलटी छापलेली. शिक्का स्वतः उलटा असतो आणि कागदावर उठतो तो सुलट. त्यांनी दाखवला होता कागदावरचा ठसा, म्हणजे तो सुलट हवा. मी गाइडला बाजूला घेऊन सांगितलं. ती आधी ओशाळली, मग तिनं खिशातला फोन काढून आरशासारखा फिरवून बघितला आणि म्हणाली, “काकू, दीड वर्षं हा कागद वाटतोय आम्ही.” कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिनं लगेच सगळ्यांना गोळा करून चूक सांगितली. हे करायला मोठं मन लागतं.

मग तिनं मलाच विचारलं की दुकानात कसं करता. मी सांगितलं. पूर्वी शिशाचे खिळे चौकटीत उलटे जुळवायचे, त्याचा साचा घ्यायचा, साच्यावर रबर ठेवून गरम दाबात शिजवायचं, मग कापून लाकडी मुठीला चिकटवायचं. एखादी वेलांटी उलटी बसली तर सगळं परत. तिथेच तिनं ‘शिक्कामोर्तब’ शब्द काढला. मी हा शब्द रोज ऐकते, पेपरात रोज येतो, निर्णयावर शिक्कामोर्तब झालं म्हणून. शिक्का हा कागदाच्या वरच्या बाजूला, आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपला तिथे उठवायचा छोटा ठसा, जेणेकरून खाली कोणी काही घुसडू नये. त्या छोट्या ठशावर ‘लेखनसीमा’ अशी अक्षरं असत. कागदाच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ लिहीत, म्हणजे मोर्तब झालं. याच शहरात ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची गोष्ट सांगतात. एका अक्षराची किंमत काय असते ते या वाड्याइतकं कुठल्या वाड्याला माहीत असेल!

वाड्याच्या आत आम्ही फार थांबलो नाही, आणि ते मला योग्य वाटलं. १८२८ च्या आगीनंतर आत जोती, कारंज्याचं कमळ आणि तटबंदीच राहिली आहे. शब्दाबद्दल सांगण्यासारखं तिथे थोडं. १० जानेवारी १७३०, शनिवार, पायाभरणी; १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत, तोही शनिवारच. हे सांगून ती आम्हाला बाहेर घेऊन आली.

विश्रामबागवाड्यापर्यंतच्या वाटेत मी तिला नातीचा प्रश्न विचारला. मुख्य प्रधान कळलं, पण पंतप्रधानातला ‘पंत’ कुठून आला? इथे ती थांबली. म्हणाली, “काकू, मला वाटतं पंत हे पंडितचं झिजलेलं रूप. पण दाखवण्याजोगं काही आहे का ते बघून सांगते.” मला हे उत्तर कुठल्याही ठाम उत्तरापेक्षा जास्त पटलं. आणि मंगळवारी तिचा मेसेज आला. पेशव्यांना लिहिलेल्या जुन्या पत्रांत त्यांचा उल्लेख ‘बाजीराव पंडित प्रधान’, ‘बाळाजी बाजीराव पंडित प्रधान’ असा येतो. पंडित प्रधान, पंत प्रधान, पंतप्रधान. हिंदीनं दिल्लीत प्रधानमंत्री केला, मराठीनं साताऱ्याच्या दरबारातला शब्द उचलून तसाच दिल्लीवर ठेवला. म्हणून माझ्या टेबलावर योजनेचा शिक्का ‘प्रधानमंत्री’, आणि शेजारच्या पेपरात ‘पंतप्रधान’. रायगडावर ज्या शब्दानं पेशव्याला हटवायचं ठरलं तो शब्द रोज सकाळी पेपरवाला माझ्या दारात टाकतो, आणि हटवलेला शब्द गावाच्या पाट्यांवर आहे. दोघंही टिकले. नातीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग परीक्षेत काय लिहू? मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि कंसात मोरोपंत पिंगळे.

हे सांगताना एक लक्षात आलं. मोरोपंतांच्या आधी शामराजपंत होते, नंतर मोरोपंतांचे मुलगे निळोपंत आणि बहिरोपंत. बहिरोपंत कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत पडले, तेव्हा १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. तिथून १८१८ पर्यंत हुद्दा एका घरात राहिला. एकशे पाच वर्षं. तेवढ्यात हुद्द्याचं नाव घराण्याचं नाव झालं. गाइडनं हा भाग विश्रामबागवाड्याच्या लाकडी दर्शनीखाली सांगितला, पण वेळ संपत आल्यानं दहा मिनिटांत उरकला. ही दुसरी तक्रार. इथे अर्धा तास हवा होता. नेमणुकीचा हुद्दा वारशाचा कसा होतो ही या शब्दाच्या कहाणीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती पोह्यांच्या वासात सांगू नये.

आमच्याकडे गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, डोंगराकडच्या एका गावच्या सरपंच, नुकत्याच निवडून आलेल्या. बरोबर नवरा. तो म्हणाला, शिक्क्यावर माझंही नाव घाला खाली. बाई काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, हुद्दा ज्याचा त्याचंच नाव, आमच्याकडे दुसरं होत नाही. बाईंनी मान वर केली. शिक्का न्यायला त्या एकट्या आल्या. ‘सर’ म्हणजे फारसीत डोकं. पंचांचं डोकं. हेही मला या फेरीनंतरच कळलं, नाहीतर त्या दिवशी त्यांना सांगितलं असतं.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. पायात चप्पल चालेल, पण तीन तास उभं राहावं लागतं. गुडघे दुखत असतील तर घडीचं स्टूल न्या, मध्ये बसायची सोय नाही. स्वच्छतागृहासाठी ठरलेला थांबा नाही, तो ठेवायला हवा, गटात निम्म्या बायका होत्या. लहान मुलांना नेऊ नका, दहा वर्षांच्या पुढची चालतील, आणि ज्यांना शब्दांचा नाद आहे त्यांना आवर्जून न्या. पोहे साधे, चहा चांगला. पैसे फोनवरून भरता येतात, पावती मात्र मागावी लागते. मी या फेरीला पाचांतले चार तारे देते. एक तारा गट मोठा केल्याबद्दल कापला. गाइडला वेगळे तारे देता आले असते तर पाच दिले असते.

बुधवारी दुपारी ती दुकानात आली. नवा कागद घेऊन आली होती, ठसा सुलट. मामंजींचे शिशाचे खिळे मी अजून एका खणात ठेवले आहेत, चौदा पॉइंटचे, देवनागरी. तिला बघायचे होते. मी चिमटा तिच्या हातात दिला आणि ‘मुख्य प्रधान’ जुळवायला सांगितलं. पहिल्यांदा तिनं सरळ वाचत डावीकडून लावले, शाई लावून कागद दाबला तेव्हा ‘नधाप्र ख्यमु’ उठलं. दुसऱ्यांदा तिनं उजवीकडून सुरुवात केली. वीस मिनिटं लागली. मग दोन्ही शब्द नीट उठले. तो कागद ती घेऊन गेली.